शरीराला वेग कळत नाही

या पानावर मी एरवी इलेक्ट्रॉन, चुंबक आणि क्ष-किरण यांविषयी लिहिते. आज स्वतःच्या गाडीविषयी लिहिणार आहे. गेल्या महिन्यात आमच्या दारात नवी विद्युत मोटार आली. भारतात तयार झालेली, पाच माणसांची, आई-बाबांना सोबत नेता येईल आणि डिकीत गव्हाचे पोते मावेल अशी. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. ही जाहिरात नव्हे आणि परीक्षणही नव्हे. पण कागदपत्रांतल्या एका आकड्यापाशी मी पहिल्याच दिवशी अडखळले. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाण्यास ६.७ सेकंद.

हा आकडा ओळखीचा होता. १९६६ साली लॅम्बोर्गिनीची मिउरा रस्त्यावर आली. जगातील पहिली सुपरकार म्हणून जिचे नाव बहुतेक वेळा घेतले जाते ती हीच. चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरांचे इंजिन, सुमारे साडेतीनशे अश्वशक्ती, आणि उंची जेमतेम माणसाच्या कमरेएवढी. तिलाही हा टप्पा गाठायला जवळजवळ तितकाच वेळ लागे. याचा अर्थ, साठ वर्षांपूर्वी जो अनुभव मूठभर धनिकांपुरता होता, तो आज एका पगारदार संशोधिकेच्या दारात, बँकेच्या हप्त्यांवर, उभा आहे. मिउराचा सर्वोच्च वेग, तिचे रूप, तिचा आवाज यांपैकी माझ्या गाडीत काहीच नाही. पण उडी तीच आहे.

या उडीने पहिल्या आठवड्यात मला पुरते वेड लावले, हे आधी कबूल करते.

आम्ही इंदूरला राहतो. रविवारी पहाटे रुंद रस्ते रिकामे असतात. आई मागे, बाबा शेजारी, आणि डॅशबोर्डवर पट्टीने घट्ट बसवलेला फोन. त्यात त्वरण मोजणारे ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप सुरू केले. आखन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी ते तयार केले आहे; विद्यार्थ्यांनी ते जरूर वापरून पाहावे. पुढेमागे कोणी नाही याची खात्री करून मी पाय दाबला आणि ताशी ६० वर उचलला. शंभरपर्यंतचा कंपनीचा दावा मी तपासलेला नाही. शहरात त्याला जागा नाही आणि तो अधिकारही नाही. साठपर्यंत जाण्यास साडेतीन सेकंद लागले. सरासरी त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास निम्मे, म्हणजे ०.४९ जी.

आईने भीतीने डोळे मिटून घेतले होते. गाडी थांबल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “अगं, मागची सीट कलली का?”

सीट कललेली नव्हती. पण आईची तक्रार खोटीही नव्हती. आपल्या कानाच्या आतल्या भागात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसलेले असतात. डोके कलले की गुरुत्वाकर्षणामुळे ते सरकतात. गाडी जोराने पुढे निघाली की जडत्वामुळे ते मागे राहतात. मेंदूला दोन्ही वेळा संदेश एकच पोहोचतो. डोळे उघडे असले तर खिडकीबाहेरचे दृश्य पाहून तो निवाडा करतो; डोळे मिटले की त्याच्याजवळ निवाड्याचे साधन उरत नाही. ०.४९ जी त्वरणात मिटल्या डोळ्यांना आसन सुमारे २६ अंशांनी मागे कलल्यासारखे भासते. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतील भेद बंद पेटीतल्या निरीक्षकाला ओळखता येत नाही, हे आइन्स्टाइनचे समतुल्यतेचे तत्त्व. मी ते पदव्युत्तर वर्गात शिकले. आईला ते मागच्या सीटवर कळले.

ही उडी येते कोठून? पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी स्वतः वेगाने फिरावे लागते. सावकाश फिरताना ते दुबळे असते; म्हणून क्लच हवा, गिअर हवेत. विद्युत मोटरला पूर्ण टॉर्क स्थिर अवस्थेपासूनच देता येतो. पाय किती दाबला याची नोंद होते, इन्व्हर्टर बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे तीन कलांच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो, आणि पापणी लवण्याच्या आत चाकांवर बल येते. मधे कोणी नाही. इंजिनाची गुरगुर नाही, गिअर बदलतानाचा श्वास नाही. पूर्वसूचना अशी कसलीच नाही.

या मोटरच्या पोटातले चुंबक माझ्या नित्य परिचयाचे आहेत. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे हे संयुग १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधले. सिंक्रोट्रॉनमधील अनड्युलेटर नावाच्या उपकरणात याच जातीच्या चुंबकांच्या रांगा इलेक्ट्रॉनांना नागमोडी हलवून त्यांच्याकडून प्रकाश काढून घेतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा मोटार उद्योगाच्या चिंतेच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. आपल्या केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट आहे. उणीव आहे ती त्या वाळूपासून तयार चुंबकापर्यंतच्या कारखान्यांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकनिर्मितीची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याचसाठी. विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञानाचा हा कोपरा नजरेआड करू नये. येथे कामे पुष्कळ आहेत आणि माणसे थोडी.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले. त्यांच्या जगात सर्व गोष्टी युनिटांत मोजल्या जातात. घरी परतल्यावर चहा घेताना त्यांनी विचारले, “एवढ्या धडाक्याला युनिटं किती गेली?” आम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. माणसांसह गाडी सुमारे २,२०० किलोग्रॅमची धरली. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा निघाली साडेआठ लाख ज्यूलच्या आसपास. म्हणजे पाव युनिटाहूनही किंचित कमी. हजार वॉटची इस्त्री चौदा मिनिटे चालवली तर एवढीच वीज लागते. वाटेतली गळती धरली तरी सुपरकारच्या उडीचा खर्च दोन रुपयांच्या आत. शिवाय पाय उचलला की मोटर जनित्र बनते आणि त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो. बाबा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. “स्वस्त आहे,” एवढेच म्हणाले.

हे स्वस्तपण मला मोठे रंजक वाटले, कारण माझ्या व्यवसायात गोष्ट अगदी उलट आहे. आमच्या शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर परिघाच्या त्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. कड्यात सोडताना त्यांची ऊर्जा ५५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि ती पुढे २५० कोटींवर नेली जाते. ऊर्जा साडेचार पटींनी वाढली. वेग किती वाढला? इलेक्ट्रॉन आधीच प्रकाशवेगाला इतके खेटून असतात की वेगाला वाढायला जागाच नसते. सापेक्षतावादाच्या सूत्रात आकडे घातले की वाढ येते सेकंदाला सुमारे १२३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ४४० किलोमीटर. कणत्वरकाच्या त्या अवाढव्य खटाटोपातून इलेक्ट्रॉनाच्या वेगात पडणारी भर ही एका सुपरकारच्या सर्वोच्च वेगाच्या घरातली आहे! हा हिशेब मी प्रथम केला तेव्हा दोनदा तपासला. तुम्हीही तपासा.

खऱ्याखुऱ्या सुपरकारलाही आमच्या घरापासून फार दूर जावे लागत नाही. इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ची ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी आहे. महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफरिना कंपनीची बटिस्टा ही विद्युत सुपरकार २०२३ साली तेथे धावली आणि तिने ताशी ३५८ किलोमीटरचा वेग गाठला. शून्य ते शंभरसाठी तिचा दावा आहे १.८६ सेकंदांचा. येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. हे सरासरी त्वरण दीड जी होते. चारही चाके जोर लावत असली तरी गाडीला पुढे ढकलणारे बल रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षणातूनच यायचे. मग घर्षण गुणांक दीड हवा. ‘घर्षण गुणांक एकाहून कमीच असतो’ असे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलेले असते. तो नियम नव्हे. मऊ, तापून चिकट होणारे रबर एकाची मर्यादा सहज ओलांडते. नेहमीच्या टायरांचा गुणांक मात्र कोरड्या रस्त्यावर एकाच्या अलीकडेच राहतो. तेव्हा सुपरकारची खरी कमाल तिच्या मोटरांइतकीच, किंबहुना अधिक, तिच्या चार टायरांत असते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला बसले तो सांगते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही धारला एका लग्नाला गेलो होतो. परत निघायला रात्र झाली. आई मागे झोपली होती. रस्ता चांगला, रहदारी तुरळक. समोरून अधूनमधून वाहने येत असल्याने दिवे खालच्या झोतावर होते. काट्याकडे माझे लक्ष नव्हते. गाडी इतकी शांत, इतकी स्थिर, की आपण बैठकीच्या खोलीत आहोत असे वाटावे. मधूनमधून ‘टिंग’ असा आवाज येत होता. ताशी ८० ओलांडल्यावर इशारा देणारी ही यंत्रणा १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची आहे. पहिल्या दिवसापासून तो आवाज मला त्रासदायक वाटे आणि तो बंद कसा करता येईल याचा शोधही मी घेतला होता.

बाबा म्हणाले, “ती मघापासून काहीतरी सांगते आहे, तिचं तरी ऐक. गाडीला घाई असेल, आपल्याला नाही.”

मी काट्याकडे पाहिले. नव्वद. मला शपथेवर सत्तर वाटले असते. थोड्या नाराजीनेच पाय उचलला आणि गाडी बहात्तरच्या आसपास आणली.

त्यानंतर दहा मिनिटेही झाली नसतील. झोताच्या टोकाशी अंधार एकाएकी घट्ट झाला. दिवा नाही, परावर्तक नाही, अशी एक ट्रॅक्टरची ट्रॉली आमच्याच मार्गिकेत उभी होती. शेजारच्या मार्गिकेत ट्रक. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरले, आई पट्ट्यात अडकून जागी झाली, आणि गाडी ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून दीड-दोन मीटरांवर थांबली. कोणी काही बोलले नाही. बाबांनी धोक्याचे दिवे लावले, मग खाली उतरून ट्रॉलीवाल्याला हाक मारली. तो टायर बदलत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. स्वयंपाकघरात बसून मी तोच पाठकोरा कागद पुन्हा काढला आणि दुसऱ्या बाजूने लिहू लागले. ट्रॉली दिसली तेव्हा अंतर ६० मीटर धरू. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद. ब्रेक पूर्ण लागल्यावर मंदन सेकंदाच्या वर्गाला ७ मीटर. नेहमीच्या टायरांकडून रस्त्यावर याहून फारशी अपेक्षा करू नये.

ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. दीड सेकंदात ३० मीटर गेले. ब्रेक लागल्यावर आणखी २८.६ मीटर. एकूण ५८.६. थांबलो.

ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दीड सेकंदात साडेसदतीस मीटर गेले. उरले साडेबावीस. तेवढ्यात २५ च्या वर्गातून, म्हणजे ६२५ मधून, वजा होतात ३१५. उरतात ३१०. त्याचे वर्गमूळ १७.६. म्हणजे ज्या जागी पहिली गाडी शांत उभी आहे, त्याच जागी दुसरी गाडी ताशी ६३ किलोमीटर वेगाने ट्रॉलीच्या फळीवर आदळते. पाचव्या मजल्यावरून पडणारी वस्तू जमिनीवर साधारण याच वेगाने आदळते.

फरक केवळ अठरा किलोमीटरांचा होता. मी हे समीकरण किती जणांना शिकवले असेल! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे म्हणत किती फळे भरले असतील! पण त्या रात्रीपूर्वी ते माझ्या पायापर्यंत पोहोचले नव्हते. आम्हा तिघांच्या आणि त्या पाचव्या मजल्याच्या मध्ये माझी डॉक्टरेट उभी नव्हती. एका निवृत्त वीज कर्मचाऱ्याचे एक वाक्य उभे होते.

मग मला वाटू लागले की दोष केवळ माझ्या बेफिकिरीचा नाही. काही दोष आपल्या घडणीतही आहे. कानातले ते कण पुन्हा आठवा. ते त्वरण मोजतात. स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीत त्यांना काहीही जाणवत नाही, जाणवूच शकत नाही. स्थिर पाण्यावरून एकसारख्या गतीने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालले आहे की थांबले आहे हे सांगता येत नाही, हे गॅलिलिओने १६३२ सालीच लिहून ठेवले आहे. आपण वेगाचा अंदाज करतो तो उसन्या खुणांवरून: इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज, हादरे, मागे पळणारी झाडे. नव्या गाडीने यांतील आवाज आणि हादरे जवळजवळ संपवले. रात्रीने झाडे पुसून टाकली. उरला तो काटा.

म्हणजे सुपरकारची जी गोष्ट अंगावर रोमांच आणते, ती उडी, ती दोन रुपयांची आणि रिकाम्या रस्त्यावर तशी निरुपद्रवी आहे. जी गोष्ट प्राण घेते, तो वेग, तिची आपल्या शरीराला वार्ताही नसते. धोका जेथे कमी तेथे आपण ओरडतो आणि जेथे अधिक तेथे डुलक्या घेतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली आहे. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता आणि त्या सर्व माणसांना मनातल्या मनात बेजबाबदार ठरवून मोकळी झाले होते. आता तसे म्हणवत नाही. त्यांतल्या कित्येकांना आपण सत्तरने जात आहोत असेच वाटत असेल.

१९६६ पासून आजपर्यंत मोटरी पालटल्या, बॅटऱ्या आल्या, टायर सुधारले, ब्रेकला संगणकाची जोड मिळाली. माणसाचा दीड सेकंद मात्र तेवढाच राहिला. मिउरा चालवणाऱ्याला निदान पाठीमागचे बारा सिलिंडर बजावत असत. आमच्या गाड्यांतून ते बजावणे गेले, आणि गाड्या आता लाखोंच्या संख्येने येणार आहेत. त्या याव्यात, शहराच्या हवेसाठी आणि देशाच्या तेलाच्या खर्चासाठी मला त्या हव्याच आहेत. मी माझी गाडी विकणार नाही. रविवारी पहाटेची साडेतीन सेकंदेही सोडणार नाही. पण त्या ‘टिंग’चा आवाज मी आता बंद करण्याऐवजी वाढवून ठेवला आहे. निसर्गाने जे इंद्रिय दिले नाही, त्याची ती बाहेरून बसवलेली जागा आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. तुमच्या फोनवर त्वरणमापक सुरू करून बस, मेट्रो किंवा रेल्वेत खिडकीपासून दूर बसा आणि डोळे मिटा. गाडी सुटल्यापासून दर मिनिटाला वेगाचा अंदाज कागदावर लिहा, आणि शेजारच्या मित्राला फोनच्या उपग्रह-नोंदीवरून खरा वेग लिहायला सांगा. नंतर दोन्ही स्तंभ शेजारी मांडा. माझ्या तीन प्रयत्नांत माझा अंदाज तीनही वेळा कमीच आला. तुमचा किती आला ते अवश्य कळवा. पुरेशी आकडेवारी जमली तर पुढच्या लेखात तिचा आलेख काढू.

बाबांनी तो दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद गाडीच्या खणात ठेवला आहे, विम्याच्या कागदांबरोबर.